मुंग्यांचें घर केवढें असावें ?

घरांतून मुंग्या कशा घालवाव्या हें विचारणारे लोक आम्हांस रोज भेटतात. मुंग्यांना घर कसें द्यावें हें विचारणारे मात्र वर्षांतून पांच-सातच, आणि ते बहुतेक आठवी-नववीच्या वर्गांतले. पहिल्या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरांत तयार असतें. दुसऱ्याचें उत्तर आम्ही स्वतः कित्येक दिवस चुकीचें देत होतों. त्या चुकीचें मोल दोन वसाहतींनीं आपल्या जिवानें दिलें व आमच्या शाळेच्या दोन विद्यार्थ्यांनीं आपल्या हौसेनें दिलें. म्हणून या वार्षिकाचीं कांहीं पानें या क्षुल्लक दिसणाऱ्या विषयासाठीं आम्हीं मागून घेतलीं आहेत.

मुंग्या पाळण्याचा छंद आतां पुष्कळ देशांत पसरला आहे. त्यांच्यासाठीं आयतीं घरेंहि विकत मिळतात : पारदर्शक ॲक्रिलिकचीं, मजल्यामजल्यांचीं, आंत लहान दिवे व पाण्याच्या टाक्या बसविलेलीं. मुलानें मुंग्या पाळण्याची गोष्ट काढली म्हणजे पालकांपैकीं कांहीं हंसतात व कांहीं पैशाची पिशवी सोडतात. पहिल्यांस वाटतें, मुंगीला कसलें आलें आहे घर ! दुसऱ्यांस वाटतें, मुलाची हौस आहे, तर घर चांगलें मोठेंच असूं द्यावें. आम्हांस दोघांचेंहि म्हणणें पटत नाहीं. मुंगीला घर लागतें, आणि फार नेमकें लागतें. परंतु तें वसाहतीच्या संख्येच्या मागोमाग वाढलें पाहिजे, तिच्या पुढें धांवतां कामा नये. ही एक गोष्ट जो पाळील त्यास या छंदाला पैसा जवळजवळ लागतच नाहीं.

प्रथम आमचीच फजिती सांगतों. सहा-सात वर्षांमागें, मृगाचा पाऊस नुकताच पडून गेला असतां, संध्याकाळीं आमच्या ओसरीवरील दिव्याखालीं मुंगळ्याची एक राणी फिरतांना दिसली. तिचे पंख गळलेले होते. पंख टाकलेली राणी ही बहुधा मीलन उरकून घर शोधावयास निघालेली असते, एवढें आम्हांस वाचून ठाऊक होतें. आम्हीं तिला एका परीक्षानळींत ठेविलें. तेथें तिनें अंडीं घातलीं, भाद्रपदांत पहिले चार मुंगळे बाहेर आले, आणि दिवाळीपर्यंत त्यांची संख्या अकरा झाली. येथवर सर्व ठीक होतें. परंतु अकरा लेंकरांची ती माता बोटाएवढ्या नळींत राहते हें पाहून आमच्या मनास उगीचच अपराधी वाटूं लागलें. आम्हीं दोन फूट लांबीची एक कांचेची पेटी विकत आणिली (तिची खरी किंमत घरांत अद्याप कोणास सांगितलेली नाहीं), चाळलेल्या मातीनें व वाळूनें ती अर्धी भरली, एका कोपऱ्यांत लहानसें रोपटें लाविलें, आणि मोठ्या समारंभानें ती वसाहत तींत सोडली.

दोन दिवस आम्ही खुर्ची टाकून समोर बसून होतों. तिसऱ्या दिवशीं सर्व मंडळी मातींत दिसेनाशी झाली. साखरेच्या पाण्याचे थेंब आम्ही रोज ठेवीत असूं. ते कधीं कमी झालेले दिसत, कधीं नाहीं. टाकलेल्या माशा कोठें तरी ओढून नेलेल्या असत, आणि पुढें तेथें पांढरी बुरशी येई. माती वरून कोरडी ठणठणीत व तळाशीं चिखल. नाताळच्या सुट्टींत आम्हीं ती चमच्यानें उकरली, तेव्हां राणी एका कोपऱ्यांत मेलेली सांपडली. तिच्याजवळ तीन मुंगळे जिवंत होते. ते तिला सोडून गेले नव्हते.

आम्ही कोठें चुकलों हें समजण्यास राणीचा संसार स्वभावतः कसा सुरू होतो तें पाहिलें पाहिजे. मुंगळा म्हणजे झाडांच्या बुंध्यांवरून रांगेनें चढणारी ती मोठी काळी मुंगी. शास्त्रज्ञ तिला कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस म्हणतात. तिची राणी उड्डाणानंतर पंख टाकून देते, जमिनींत लहानशी कोठडी करिते आणि तींत स्वतःस कोंडून घेते. पहिली पिढी हातीं येईपर्यंत ती अन्न शोधावयास बाहेर पडत नाहीं. ज्या स्नायूंच्या बळावर ती उडाली ते आतां तिला नको असतात. ते तिच्या शरीरांतच विरघळतात, आणि त्यांतील सत्त्व व पोटांतील चरबी यांवर ती स्वतः जगते व अळ्यांनाहि पोसते. म्हणूनच तिचीं पहिलीं लेंकरें खुजीं असतात. तेवढ्या शिदोरींत त्याहून मोठें मूल घडत नाहीं. अशा मातेस दिवाणखाना देणें म्हणजे बाळंतिणीची खाट भर बाजारांत नेऊन टाकण्यासारखें आहे. तिला हवा असतो अंधार, ओल, शांतता आणि अंगाजवळ लागणारी भिंत.

वसाहत लहान असतां मोठें घर आणखीहि एका रीतीनें घात करितें. मुंग्या स्वच्छ असतात खऱ्या, परंतु त्यांची स्वच्छता म्हणजे घाण आपल्या बैठकीपासून दूर नेऊन टाकणें एवढीच. रिकाम्या दहा खोल्या दिसल्या कीं त्यांतील तीन-चारांचे उकिरडे होतात. तेथें उरलेलें अन्न कुजतें व बुरशी धरतें, आणि तें निस्तरणें अकरा मुंगळ्यांच्या आवाक्याबाहेरचें असतें. एवढ्या जागेची ओल सारखी राखणें पाळणाऱ्यासहि साधत नाहीं. शिवाय आपल्या मुंग्या त्याच्या दृष्टीसच पडल्या नाहींत, तर त्यांस काय हवें-नको तें त्यास कळावें कसें ?

आतां नळीविषयीं. सहा इंची परीक्षानळी प्रयोगशाळेचें सामान विकणाऱ्या दुकानांत दहा-वीस रुपयांस मिळते. तिचा तिसरा हिस्सा स्वच्छ पाण्यानें भरावा. मग कापसाचा बोळा पेन्सिलीच्या मागच्या टोकानें दाबीत पाण्यापर्यंत न्यावा, असा, कीं पाणी कापसांत भिनेल परंतु पलीकडे ठिबकणार नाहीं. बोळा सैल बसला तर राणी बुडते. दोन-तीनदां रिकाम्या नळीवर करून पाहिल्याशिवाय हात बसत नाहीं. राणीस आंत सोडून उघड्या तोंडाशीं दुसरा कोरडा बोळा हलकेच लावावा. त्यांतून हवा खेळते. नळीभोंवतीं जाड कागद गुंडाळून ती कपाटाच्या अशा खणांत आडवी ठेवावी, कीं जेथें ऊन पोंचत नाहीं व मिक्सरचा हादरा बसत नाहीं. ऊन लागलें म्हणजे पाण्याच्या बाजूस अडकलेली हवा फुगते व पाणी बोळ्यांतून पुढें लोटतें. एका मुलाची राणी खिडकींत ठेविल्यानें अशीच गेली.

सर्वांत कठीण काम यापुढें आहे, तें म्हणजे आठ-आठ दिवस नळीकडे न पाहणें. मुलांच्या हातून मरणाऱ्या राण्यांपैकीं पुष्कळ उपासानें मरत नाहींत, पाहण्यानें मरतात, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. दर तासाला उजेडांत काढलेली राणी भेदरते आणि आपलींच अंडीं खाऊन टाकते.

येथेंच नवशिक्यांसाठीं एक सूचना. पहिल्या पावसांत दिव्याभोंवतीं जमणाऱ्या पंखवाल्यांत वाळवीचाच भरणा फार असतो. मुंगीची कंबर बारीक असते व मिशा कोंपरांतून वाकलेल्या असतात. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ, आणि चारहि पंख सारख्या लांबीचे. गेल्या वर्षीं एका उत्साही विद्यार्थ्यानें वाळवीची जोडी महिनाभर साखरेच्या पाण्यावर ठेवून आम्हांस मोठ्या अभिमानानें दाखविली होती.

थोड्या खर्चांत मुंग्या पाळणें हें गरिबाचें समाधान आहे, असें कोणीं समजूं नये. या शास्त्राचा पाया ज्यांनीं घातला त्यांत सर जॉन लबक यांचें नांव मोठें आहे. ते लंडनचे पेढीवाले व पार्लमेंटचे सभासद. पैशास कांहीं तोटा नव्हता. तरी १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं मुंग्यांच्या घराचें जें वर्णन दिलें आहे तें आमच्या कोणत्याहि विद्यार्थ्यास करतां येण्याजोगें आहे : खिडकीच्या साध्या कांचेचे सुमारें दहा-दहा इंचांचे दोन चौरस तुकडे, त्यांच्या कडांना लांकडाच्या पट्ट्या, आणि मधल्या फटींत बारीक माती. ती फट किती ? इंचाच्या दहाव्या भागापासून चौथ्या भागापर्यंत. मुंगीला हिंडतां येईल इतकीच, अधिक नाहीं. आमच्या दोन फुटी पेटीची आठवण होऊन आम्ही तें वर्णन वाचतांना खालीं मान घातली. असल्याच साध्या घरांत १८७४ च्या डिसेंबरांत आणिलेली त्यांची एक राणी १८८८ च्या ऑगस्टपर्यंत जगली.

लबक यांनीं मुंग्यांवर रंगीत कांचा ठेवूनहि पाहिलें. जांभळ्या कांचेखालून मुंग्या आपले कोष उचलून नेत व लाल कांचेखालीं निर्धास्त गोळा होत. लाल उजेड त्यांस जवळजवळ अंधारासारखाच वाटतो. याचा आपणांस उपयोग असा, कीं कंदिलासाठीं आणलेला लाल जिलेटिनचा कागद नळीवर गुंडाळला म्हणजे मुंग्यांना कळूं न देतां त्यांचा संसार पाहतां येतो. फ्रान्समधील शार्ल जाने हे कारखान्यांतले इंजिनिअर. त्यांनीं प्लास्टरचीं घरें ओतून तीं १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलीं. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील रॉटन यांनीं १८९२ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत 'आमच्या मुंग्या' या मथळ्याखालीं येथील मुंग्यांविषयीं लिहिलें. पेढीवाला, इंजिनिअर, जंगलचा अधिकारी : तिघेहि आपला धंदा सांभाळून हें करीत होते.

वसाहत वाढूं लागली म्हणजे काय करावें ? नळीचा अर्धा भाग मुंगळ्यांनीं भरला, बोळा काळा पडला किंवा पाणी संपत आलें, तर दुसरी तशीच नळी तयार करून पहिलीच्या तोंडास जोडावी. जोडावयास गवंडी लोक पातळी पाहण्यासाठीं वापरतात त्या पारदर्शक नळीचा तुकडा फार चांगला. कोणत्याहि बांधकामावर तो मागितल्यास मिळतो. मुंग्यांना झटकून, हलवून नव्या घरांत घालूं नये. नवी नळी अंधारांत ठेवावी व जुनीवरील कागद काढून घ्यावा. मग त्या आपल्या सोयीनें, बहुधा रात्रींतून, अंडीं-अळ्या तोंडांत धरून स्थलांतर करितात. तो देखावा ज्यानें एकदां पाहिला त्यास विकतचें घर पुन्हां आठवत नाहीं.

वीस-पंचवीस मुंगळे झाले म्हणजे नळीस एक अंगण द्यावें. मिठाईचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा यास पुरे. झांकणास टांचणीनें बारीक भोंकें पाडावीं आणि काठास आंतून खाद्यतेलाचा पातळ हात फिरवावा, म्हणजे मुंग्यांचे पाय टिकत नाहींत. आठ-दहा दिवसांनीं तो पुन्हां द्यावा लागतो. सर्व डबा पाण्याच्या परातींत ठेविला तर प्रश्नच मिटतो. आमच्या आजीच्या वेळीं दुभत्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत, कां, तर मुंग्या आंत जाऊं नयेत. तीच युक्ति मुंग्या बाहेर येऊं नयेत म्हणूनहि चालते. परात मात्र आईला विचारून घ्यावी. दोन विद्यार्थ्यांचा छंद केवळ न विचारतां घेतलेल्या परातीमुळें संपुष्टांत आला, हें आम्हांस ठाऊक आहे.

शंभरांच्या वर मुंगळे गेले, तेव्हांच खऱ्या अर्थानें घर करावें. याचे दोन स्वस्त मार्ग आम्हीं स्वतः करून पाहिले. एक शार्ल जाने यांच्या धर्तीचा : डब्याच्या तळाशीं शाडूचे चपटे गोळे व त्यांना जोडणाऱ्या शाडूच्याच वळ्या मांडाव्या, त्यांवर प्लास्टर ओतावें, तें घट्ट झाल्यावर उलटें काढून शाडू कोरून टाकावी, ज्या जागीं गोळे होते तेथें खोल्या होतात. वर कांच बसवावी. प्लास्टर चांगलें आठवडाभर वाळूं द्यावें, नाहींतर बुरशी ठरलेली. दुसरा मार्ग आम्हांस अधिक आवडतो : हल्लीं बांधकामावर ज्या पांढऱ्या, हलक्या, सच्छिद्र विटा वापरतात त्यांचा फुटका तुकडा आणावा. तो जुन्या स्क्रूड्रायव्हरनें सहज कोरतां येतो. एका टोकास पाणी घालण्यापुरता खळगा ठेविला म्हणजे तें टोक ओलें व दुसरें कोरडें राहतें, आणि अळ्यांना कोठें ठेवावयाचें तें मुंग्या स्वतःच ठरवितात. कोरतांना उडणारी धूळ नाकांत जाऊं नये म्हणून वीट अगोदर भिजवावी. खोल्या मात्र आज आहेत तेवढ्या मुंगळ्यांपुरत्या कोराव्या. पुढील खोल्यांचीं दारें कापसानें बुजवून ठेविलीं तरी चालतें.

खाण्याविषयीं फार लिहावयास नको. प्रौढ मुंगी घन पदार्थ गिळूं शकत नाहीं, म्हणून तिला मधाचा किंवा साखरेच्या पाण्याचा थेंब. अळ्यांना वाढण्यासाठीं मारलेली माशी, डांस किंवा पिठांतली अळी. औषध फवारलेला कीटक चुकूनहि देऊं नये. उरलेलें दुसऱ्या दिवशीं काढून टाकावें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हें सारें लिहावयास घेतलें ती सांगतों. दोन वर्षांपूर्वीं शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत मुंग्यांच्या दोन वसाहती शेजारीं-शेजारीं आल्या. एक विकत घेतलेल्या ॲक्रिलिकच्या घरांत होती. आंत निळा दिवा, बाजूला छापील माहितीपत्रक, आणि चाळीस खोल्यांच्या त्या वाड्यांत एक राणी व नऊ मुंगळे. दुसरी बुटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत होती : जोडलेल्या तीन नळ्या, मिठाईचा डबा, आणि सत्तरांच्यावर मुंगळे. खोक्याजवळ एक वही होती. तींत राणी सांपडल्यापासूनच्या तारखा होत्या, अंडीं केव्हां घातलीं, कोष केव्हां झाले, पाणी केव्हां बदललें, आणि शेवटच्या पानावर जमाखर्च : तीन नळ्या ४५ रुपये, कापूस २० रुपये, जोडनळी फुकट, डबा फुकट, मध आईकडून; एकूण ६५ रुपये. परीक्षक तिघे होते आणि त्यांत आम्ही होतों. पहिलें बक्षीस निळ्या दिव्यास मिळालें. वही आम्हीं उघडली होती. परंतु ती पुरती वाचली नव्हती, हें येथें कबूल करणें भाग आहे.

पुढील पावसाळ्याच्या आंतच त्या वाड्यांतील राणी मेली. तो मुलगा रडला. त्यास वाटलें, आपल्याच हातून कांहीं कमी झालें. वडिलांनीं एवढे पैसे घातले आणि आपण राखूं शकलों नाहीं. त्याचें किंवा त्याच्या वडिलांचें आम्ही काय चुकलें म्हणावें ? त्यांना मोठ्या घराची वाट दाखविणारे व वर बक्षीस देणारे आम्हीच. त्या वर्षीं खोकेवाल्या मुलानें प्रदर्शनांत नांव दिलें नाहीं. आम्हीं विचारलें, "वसाहत गेली कीं काय रे ?" तो म्हणाला, "नाहीं सर, आहे. दीडशेंच्यावर झाल्या. पण पुठ्ठ्याच्या खोक्याला कोण बघणार ?"

त्या प्रश्नावर आमच्यापाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. मागाहून आम्हीं सहकारी शिक्षकांपुढें एक सूचना मांडली, कीं प्रदर्शनांत सजीव प्राण्यांच्या विभागाचे गुण घरास देऊं नयेत. ते वसाहतीच्या प्रकृतीस व वहीस द्यावे, आणि एक वर्ष पुरें न झालेली वसाहत स्पर्धेस घेऊंच नये. यावर एक आक्षेप निघाला व तो विचार करण्याजोगा आहे. ज्याच्या घरीं पैसा आहे त्यानें तो खर्च करूं नये काय ? करावा, विकतचें घर आणावयास आमची बंदी नाहीं. वसाहत मोठी झाल्यावर त्यांतहि ती सुखानें नांदते. फक्त त्याच्या किंमतीला गुण नसावे, आणि ज्याच्याजवळ तें नाहीं त्याला आपलें खोकें झांकून ठेवावेंसें वाटूं नये.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो अधिक खोल आहे : मुळांत मोकळ्या जिवास कोंडून ठेवावें कां ? याचें उत्तर आम्हीं स्वतःशीं अजून पुरतें ठरविलेलें नाहीं. उडालेल्या राण्यांपैकीं बहुतेक पाखरांच्या व पालींच्या पोटीं जातात, हें खरें. तथापि एवढ्यानें आपला हक्क सिद्ध होत नाहीं. इतकें मात्र आम्ही निश्चयानें सांगूं शकतों. राणी एकच घ्यावी, आणि ती आपल्याच अंगणांतील असावी. ती किती वर्षें जगेल याचा आधीं विचार करावा. लबक यांच्या राणीचें वर सांगितलेंच. युरोपांतील काळ्या बाग-मुंगीची एक राणी पाळलेल्या स्थितींत २८ वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. आठवींतील मुलगा दहावी होऊन बाहेरगांवीं जाईल तेव्हां राणी कदाचित् भर तारुण्यांत असेल. त्या वेळीं जेथें ती सांपडली त्याच ठिकाणीं, पावसाच्या आरंभीं, झाडाच्या मुळाशीं वसाहत सोडावी. दूर नेऊन कोठेंहि सोडूं नये.

दूरदेशची राणी विकत तर मुळींच घेऊं नये. २०२५ च्या एप्रिलांत केनियामध्यें दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. त्यांच्यापाशीं सुमारें ५,००० मुंग्या, बहुतेक राण्या, दोन हजारांहून अधिक नळ्यांत कापूस घालून भरलेल्या होत्या. परदेशांतील हौशी लोकांस विकण्यासाठीं. मे महिन्यांत न्यायालयानें त्यांस प्रत्येकीं दहा लक्ष केनियन शिलिंग दंड, अथवा बारा महिने कैद, अशी शिक्षा सांगितली. त्या तरुणांचें वय १९ वर्षांचें होतें, म्हणजे आमच्या वाचकांहून चार-पांच वर्षांनींच अधिक. ज्या नळीची आम्हीं एवढी स्तुति केली तीच नळी, आणि तोच कापूस.

पालकांस आमची विनंती एवढीच आहे. मुलानें राणी घरीं आणली तर तिला केरांत टाकूं नये, आणि दुकानाकडेहि धांवूं नये. कपाटाचा एक खण व आठवड्यांतून माशीभर अन्न इतकेंच तिला हवें आहे. मुंगळ्यास नांगी नसते; डिवचल्यास तो चावतो, पण आपण होऊन अंगावर येत नाहीं. मुलानें वही लिहिली कीं नाहीं हें मात्र महिन्यांतून एकदां पाहावें. आणि नळी पाहावयाची झाल्यास मुलाला विचारून पाहावी. त्याचा वार ठरलेला असतो.

यंदाच्या प्रदर्शनापासून गुणांचा नवा नियम लागूं झाला आहे. खोकेवाला मुलगा आतां दहावींत आहे. गेल्या महिन्यांत त्यानें प्रयोगशाळेंतून चौथी नळी मागून नेली व वहींत तिची तारीख घातली. खोकें तेंच आहे. कोपरे तेवढे चिकटपट्टीनें बांधले आहेत. तें पुढच्या टेबलावर ठेवावयाचें असें ठरलें आहे. झांकण तो स्वतः उघडणार, आणि त्यापूर्वीं टेबलावरील मोठा दिवा मालवावा अशी त्याची अट आहे. ती आम्हीं मान्य केली आहे.